पेडगावच्या माळावरचा पिवळा धोत्रा

पिवळा धोत्रा मी जन्मभर पाहत आले आहे. उकिरड्यावर, पडक्या भिंतीच्या आडोशाला, रेल्वेच्या खडीत तो आपला आपण उगवतो आणि कोणी त्याच्या वाटेला जात नाही. पण शेतात ओळीने पेरलेला, खुरपणी केलेला पिवळा धोत्रा मी पहिल्यांदा पाहिला तो परभणीजवळच्या पेडगावात, फेब्रुवारीतल्या एका सकाळी.

मी साताऱ्याची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. रानझाडांवर अधूनमधून लेख लिहिते. असाच एक लेख तीन वर्षांपूर्वी एका शेतीविषयक मासिकात आला होता. कमी पाण्यावर तगणाऱ्या, कोणी न लावणाऱ्या झाडांबद्दल तो होता आणि त्यातली दीड पानं पिवळ्या धोत्र्याला दिलेली होती. तो वाचून पेडगावच्या दत्तराव नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. मग फोन येतच राहिले. या वर्षी त्यांनी फुलांनी भरलेल्या शेताचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तुमच्या लेखाचं पीक बघायला या.’ लिहिणाऱ्या माणसाला असं आमंत्रण फार क्वचित मिळतं. मी पुण्याहून गाडी पकडली.

परभणी स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच फलाटावर आलं होतं. दत्तरावांना मी कधी पाहिलेलं नव्हतं. ‘ओळखायचं कसं?’ असं मी विचारलं होतं, त्यावर ते म्हणाले होते, ‘तुमी झाड वळखाल, मग मी बी सापडंन.’ खरंच, बाहेरच्या चहाच्या टपरीशी पन्नाशीतला एक उंच माणूस हातरुमालात गुंडाळलेली काटेरी फांदी धरून उभा होता. फांदीला दोन पिवळी फुलं. रिक्षावाले त्यांच्याकडे पाहून हसत होते आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

“लय दिसापासून वाट बगायलो, मॅडम,” असं म्हणून त्यांनी माझी बॅग घेतली. बोलताना ते डोळे बारीक करत होते. उन्हामुळे असेल, असं मला वाटलं.

गावातल्या एका ओळखीच्याची जीप त्यांनी आणली होती. शहर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरली. ज्वारी कणसांवर आलेली, हरभरा घाट्यांनी लगडलेला, मधूनच करडईचे केशरी पट्टे. साताऱ्याकडे नजर सारखी डोंगराला अडते. इथे ती कुठे अडतच नाही. गाव आलं, ओलांडलं, आणि जीप काळ्या रानातून वर मुरमाड जागेवर चढली.

“ह्यो आमचा बरड,” दत्तराव म्हणाले. (बरड म्हणजे माती कमी आणि दगड जास्त अशी जमीन.) “हितं काहीच येत न्हवतं. हुलगा टाकला तरी जळायचा.”

समोर एकरभर पिवळा धोत्रा उभा होता. निळसर हिरवी पानं, पानांच्या शिरांवर चुन्याने रेघा ओढाव्यात तशी पांढरी नक्षी, आणि वर कागदासारख्या पातळ पाकळ्यांची लिंबाच्या रंगाची फुलं. खसखशीच्या कुळातलं हे झाड कधीकाळी परदेशातून आलं आणि इथल्या मातीत असं रुळलं, की आता दुष्काळात गवत जळतं पण हे हिरवं राहतं. आमच्याकडे त्याला काटेधोत्रा म्हणतात, इथे बिलायत. मी थक्क होऊन बांधावर उभी राहिले.

“पाणी न्हाई, खत न्हाई, राखण न्हाई,” दत्तराव सांगत होते. “जनावर तोंड लावीत न्हाई. बी तेवढं येळेवर गोळा करावं लागतं, न्हाईतर बोंड उकलतं आन् सगळं सांडतं. ती वेळ मी दोन साल चुकलो. गेल्या उन्हाळ्यात बरोब्बर साधली.”

बिया कोवळ्या थंडीत रुजतात, आधी पेरल्या तर रुजत नाहीत. पहिला महिनाभर पानं जमिनीला चिकटून बसतात, मग थंडी कमी होताच झाड उभं राहतं. हे सगळं त्यांनी स्वतः पाहून टिपून ठेवलं होतं. मी इतकी वर्षं हे झाड शिकवलं, पण ते कधी लावून पाहिलं नव्हतं. मी वही काढून त्यांचं बोलणं लिहून घेतलं. आपल्या लेखातून एवढं उगवलं याचा मला आनंद झाला होता, तो लपवत नाही.

घर गावात, शाळेच्या मागच्या बाजूला. अंगणात दत्तरावांच्या आई गयाबाई उन्हात बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, काटकुळ्या. त्यांच्यासमोर एक शेजारीण पोटरीवरचा नायटा दाखवत होती. गयाबाईंनी बिलायतीचा देठ मोडला, पिवळाजर्द चीक कापसाच्या बोळ्यावर घेतला आणि नायट्याच्या कडेकडेने लावला.

“डोळ्याला बी घालावा म्हणत्यात,” शेजारीण म्हणाली.

“म्हणू दे. मी न्हाई घालू देत,” गयाबाई म्हणाल्या. “अंगाला लावायचं. डोळ्यात न्हाई आन् पोटात तर न्हाईच न्हाई. माझ्या सासूनं सांगितलेलं हाय.”

मला त्या पहिल्या वाक्यापासून आवडल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. माझ्याकडे नीट पाहत त्यांनी विचारलं, “कागदात लिवणारी बाई तूच का?” मी हो म्हटलं. त्यांनी मान वळवून पुढचा देठ मोडला.

आत भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, माझा लेख काचेत लावलेला होता. एका वाक्याखाली लाल शाईची रेघ होती: ‘या बियांत तेलाचे प्रमाण भरपूर असते, कोरडवाहू शेतकऱ्याने या तेलाचा विचार करायला हवा.’ लाल रेघ पाहून मला जरा अवघडल्यासारखं झालं. तेलाचा विचार म्हणजे दिव्यासाठी, साबणासाठी. ते पुढे लिहिलेलं असणार, असं मनात म्हणून मी जेवायला बसले.

जेवण मराठवाड्याचं, मनापासून वाढलेलं. ज्वारीची पातळ भाकरी, वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, दही, मुळा, आणि जवसाची चटणी. चटणीत बोटाने खळगा करून दत्तरावांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, वरून कच्चं तेल ओतलं. इकडची ही रीतच आहे. मी भाकरीचा तुकडा तेलात बुडवून खाल्ला. दुसरा खाल्ला. चटणी सुरेख होती.

“तेल कसं वाटलं, मॅडम?” दत्तरावांनी विचारलं. त्यांचा चेहरा बक्षीस मिळायच्या आधीच्या विद्यार्थ्यासारखा झाला होता.

“चांगलं आहे. करडईचं ना?”

“अर्धं करडईचं. अर्धं तुमचं.”

मला समजलं नाही.

“बिलायतीचं हो. आवंदा करडई अर्धीच आली. मग संक्रांतीला दोन्ही बिया मिसळून मानवतला घाण्यावर नेल्या. घाणेवाला म्हणला, ह्ये काळं बी कशाचं? म्हणलं, गावरान मोहरी हाय. सगळ्याला कुठं सांगत बसता. तवापासून हेच तेल खायलोत आमी.”

तिसरा तुकडा माझ्या हातात होता. तो मी ताटात ठेवला की हातातून पडला, आता आठवत नाही. मोहरीच्या तेलात या बियांची भेसळ होते, ते तेल खाऊन माणसांच्या पायांना सूज येते, दम लागतो, डोळ्यांतला दाब वाढतो, हृदय थकतं, माणसं दगावतात. हे मी दर वर्षी वर्गात शिकवत होते. परीक्षेत त्यावर प्रश्न घालत होते.

मी सुनंदाबाईंच्या पायांकडे पाहिलं. इतका वेळ ते समोरच होते. पाऊल तव्यावरच्या भाकरीसारखं फुगलेलं, जोडवी मांसात रुतलेली.

“ताई, पाय कधीपासून सुजलेत?”

“महिना झाला आसंल. उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन सुजायलेत,” त्या म्हणाल्या. एवढं बोलताना त्या मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबल्या.

मी उठून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात त्यांची मुलगी शीतल येऊन उभी राहिली. आठवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचे पाय आईपेक्षा जास्त सुजलेले होते. घोटे कुठे आहेत ते कळत नव्हतं.

“पोटुशीचे पाय सुजतातच की,” सुनंदाबाई माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या. “डाक्टरीणबाई बी म्हणल्या, मीठ कमी कर.”

मी दत्तरावांना विचारलं, “तुमच्या डोळ्यांना काही होतंय?”

ते चपापले. “बल्बाभोवती रंगाचं कडं दिसायलंय थोड्या दिसापासून. चष्मा लागला आसंल म्हणून गप होतो.”

उंबऱ्याशी गयाबाई येऊन बसल्या होत्या. त्यांच्या ताटात भाकरी, दही आणि कोरडी चटणी. तेलाचा थेंब नाही. पाय वाळलेल्या काटक्यांसारखे. सगळ्या घरात काही न झालेलं ते एकच माणूस.

“म्या संक्रांतीपासून तेल सोडलं,” त्या मला म्हणाल्या. “ह्याला म्हणलं, दत्ता, बिलायत पोटात घालू नये. ह्यो म्हणला, आई, छापून आलंय. मला वाचता येत न्हाई. मी काय बोलू?”

मी म्हटलं, “मावशींचं खरं आहे. हे तेल विष आहे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं.”

कोणी हलेना. दत्तराव एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीवरच्या काचेकडे बघत राहिले. “पण मॅडम, तुमीच तर…” एवढंच ते म्हणाले.

ज्या जीपमधून मी पाहुणी म्हणून आले होते तिच्यातूनच आम्ही परत परभणीला निघालो. शीतल पुढे, मागे दत्तराव आणि मी, शीतलच्या आईचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि मांडीवर तेलाची बाटली. सकाळी डोळे भरून पाहिलेलं रान त्या वेळी बाहेर होतंच, पण मला त्यातलं काही आठवत नाही.

दवाखान्यातली डॉक्टर तिशीतली होती. तिने आधी शीतलचा रक्तदाब घेतला, बाळाचे ठोके ऐकले, आणि गरोदरपणातल्या सुजेबद्दल बोलू लागली. मी मध्येच बाटली टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. तिने एकही प्रश्न न विचारता बाटली प्रयोगशाळेत नेली. मीही मागे गेले. काचनळीत थोडं तेल, त्यावर नायट्रिक ॲसिडचे थेंब. नळी हलवली आणि आतला थर बघता बघता नारिंगी होऊन तांबूस झाला. ही चाचणी मी पुस्तकात वाचली होती, तिचा रंग कधी पाहिला नव्हता.

“तुम्हाला कसं लक्षात आलं?” डॉक्टरने विचारलं.

“लेख मी लिहिला होता,” मी म्हणाले.

ती वळली आणि तिघांना दाखल करून घ्यायला निघून गेली.

एक गोष्ट राहिली होती. दत्तरावांनी संक्रांतीला तेलाचा एक डबा मानवतला शीतलच्या सासरी पाठवला होता. विहीणबाईंना मी फोन केला, तेल खाऊ नका म्हणून सांगितलं. पलीकडून “बरं” असं उत्तर आलं, पण त्यात विश्वासाचा लवलेश नव्हता. जावई ऊसतोडीला बाहेर होता, घरात त्या एकट्याच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने मानवत गाठलं. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, आणि मी पत्ता विचारत विचारत पत्र्याच्या एका घराशी पोचले.

विहीणबाईंनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, “पोटुशी म्हणली की पाय सुजतात. माझे बी सुजले होते. त्यात तेलाचं काय?”

मी नळीतला रंग सांगितला. सुनंदाबाईंचा दम सांगितला. गयाबाईंनी तेल सोडलं तेही सांगितलं.

“तुम्ही त्यातलं खाल्लंत का?” मी विचारलं.

त्यांनी जरा ओशाळून देवळीकडे बोट केलं. “मला त्याचा वास आवडला न्हाई. पाव्हण्याचं तेल फेकावं कसं? म्हणून देवाच्या दिव्याला घालायले. आपल्याला नको ते देवाला दिलं. कुणाला सांगू नका.”

मी त्यांचा हात धरला आणि मला रडू आलं. कालपासून आलं नव्हतं. त्या घाबरल्या आणि त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. डबा मी परत आणला.

पुढचे सहा दिवस मी परभणीतच राहिले. सूज हळूहळू उतरत होती. तिसऱ्या दिवशी सुनंदाबाईंची जोडवी सैल झाली, तेव्हा त्यांनी ती बोटात फिरवून मला दाखवली. शीतलला मात्र डॉक्टर हलू देत नव्हते. दत्तरावांच्या उजव्या डोळ्याची नस दुखावली होती.

एक दिवस मी गयाबाईंबरोबर बरडावर गेले. दत्तरावांनी दवाखान्यातून निरोप दिला होता, सगळं उपटून टाका. गावातल्या चार बायका आल्या होत्या. हातांना पोती गुंडाळून आम्ही धोत्रा उपटत होतो. फुलं पूर्ण उमललेली होती, मुळं सहज सुटत होती, आणि मोडल्या देठांतून पिवळा चीक गळत होता. बोंडं पिकायच्या आत हे व्हायला हवं होतं. दुपारपर्यंत अर्धं रान मोकळं झालं. बांधाच्या कडेची झाडं मी धरली तशी गयाबाई म्हणाल्या, “ती चार ऱ्हाऊ दे.”

“मावशी, अजून?”

“झाडाचा काय गुन्हा? नायट्याला लागतं. मी हाय तवर मी बगंन.” मग कमरेवर हात ठेवून त्यांनी विचारलं, “बाई, तुला ठावं होतं ना, पोटात घालू नये म्हणून? मग कागदात कामून (का) न्हवतं?”

“लिहिलं होतं, मावशी,” मी म्हणाले. “छापताना गाळलं असेल त्यांनी.”

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी मान हलवली. उपटणाऱ्या बायकांना मोठ्याने सांगितलं, “हिनं लिवलं होतं. छापणाऱ्यानं खाल्लं.” बायकांनी छापणाऱ्याला दोन शिव्या घातल्या. मला बरं वाटलं, हेही कबूल केलं पाहिजे.

साताऱ्याला पोचले त्या दुपारी बॅग न उघडता मी जुन्या लेखांची फाईल काढली. मूळ हस्तलिखित त्यात होतं. आठव्या पानावर तेलाचं ते वाक्य होतं, आणि त्याच्या खाली, माझ्याच अक्षरात, धोक्याचा पूर्ण परिच्छेद होता. त्यावर पेन्सिलीने आडवी काट मारलेली होती. काटही माझीच. समासात मी लिहून ठेवलं होतं: ‘जागा कमी. हे सर्वांना ठाऊकच असते.’

संपादकांनी दहा ओळी कमी करायला सांगितल्या होत्या, ते आठवलं. फुलांच्या रंगाचं वर्णन मी ठेवलं होतं.

मार्चच्या शेवटी शीतलला मुलगी झाली. दिवसांच्या आधी आली, लहानखुरी, पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होती. आता घरी आहे. सुनंदाबाई अजून जिना चढताना थांबतात. दत्तरावांच्या उजव्या डोळ्यापुढचं धुकं तसंच राहिलं आहे. ते जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

हे सगळं कळवायला त्यांचा फोन आला तेव्हा मी त्यांना पेन्सिलीने काट मारल्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, आईला नका सांगू. ती गावभर तुमची बाजू घेऊन भांडायलीय.”

“फोन त्यांना द्या,” मी म्हणाले.

गयाबाईंना सगळं सांगितलं. काय खोडलं, का खोडलं, कोणी खोडलं. पलीकडे बाळाचा बारीक आवाज येत होता.

“म्हंजे तूच,” त्या म्हणाल्या.

“मीच.”

“इथं कुणाला ठावं न्हवतं, बाई. मला होतं, तर मला वाचता येत न्हाई.” त्यांनी श्वास घेतला. “आता ते छापून आण. आन् बारीक अक्षरात नको.”

म्हणून हे प्रवासवर्णन लिहिलं. संपादकांना जागा कमी पडली तर यातलं स्टेशन काढावं, रान काढावं, फुलांचा रंग काढावा. पण हे ठेवावं: पिवळ्या धोत्र्याच्या, म्हणजेच बिलायतीच्या, बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांचं तेल थोडंसुद्धा पोटात जाऊ देऊ नका.